आमची वाटचाल : ड्रिल रॉडचे आटे

नागपुरात खाणीची कामं शोधावी लागत नाहीत. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉईल यांची मुख्यालयं इथेच आहेत. उमरेडचा कोळसा असो की भंडारा-बालाघाटचं मँगनीज, आधी बोअर मारून कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढावाच लागतो. हिंगणा एमआयडीसीतलं आमचं शॉप पंपाच्या शाफ्टवर सुरू झालं. आज निम्म्याहून जास्त काम कोअर ड्रिलिंगच्या रॉडला आटे पाडण्याचं आहे.

एनक्यू (कोअर ड्रिलिंगचं एक ठरलेलं माप) रॉड बाहेरून 69.9 मिमी, आतून 60.3 मिमी. म्हणजे जाडी जेमतेम 4.8 मिमी, त्यात इंचाला 3 आटे. आटे दिसायला कितीही सुबक असले, तरी शोल्डर, म्हणजे जिथे दोन रॉड एकमेकांना टेकतात तो सपाट काठ, एका अंगाला 0.05 मिमी उतरला की 3 मीटरच्या रॉडचं दुसरं टोक 2 मिमीहून जास्त सरकतं. अशा रॉडची माळ फिरताना भोकाच्या भिंतीवर आपटते, कोअरचे तुकडे पडतात, टोकाचं खडक कापणारं बिट एकाच बाजूने झिजतं आणि भोक दिशा सोडतं. साइटवर बोल मात्र बिटलाच बसतात.

म्हणून आमचा निम्मा वेळ सेटिंगलाच जातो. आधी जाडी चार बाजूंनी मोजतो, कारण सीमलेस नळीतही आतला आणि बाहेरचा मध्य जुळेलच असं नाही. फरक जास्त निघाला तर नळी परत पाठवतो. मग लेथच्या फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) धरून डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं गेज) दोन जागी लावतो : जबड्यालगत आणि तिथून 150 मिमीवर. एकाच जागी काटा स्थिर राहिला तर नळी मध्यावर आली इतकंच कळतं, ती तिरपी नाही हे नाही कळत. मागचं टोक स्पिंडलच्या मागे चार बोल्टांच्या स्पायडरमध्ये सावरतो. जबडे जोरात आवळले की पातळ नळी दबते. त्या अवस्थेत आटे गोल पडतात आणि चक सैल केला की बिघडतात. त्यामुळे आत प्लग, बाहेर मऊ जबडे. शोल्डर आणि आटे एकाच पकडीत, मध्ये रॉड काढायचा नाही.

शेवटी पिन (बाहेरून आटे असलेलं टोक) बॉक्समध्ये (आतून आटे असलेल्या टोकात) हाताने बसवून शोल्डरजवळची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी पाहतो. फट सारखी नसेल तर माल बाहेर जात नाही. तिथूनच पुढे पाणी गळतं, बिटपर्यंत कमी पोचतं आणि बिट जळतं.

दुरुस्तीच्या रॉडबाबत एक गोष्ट ऑर्डर घेतानाच सांगतो. बऱ्याच रॉडची टोकं कठीण केलेली असतात. झिजलेलं टोक कापलं की तो कडक भागही जातो. नवे आटे मापात असले तरी लवकर झिजतात. असा रॉड खोल बोअरला न लावता उथळ कामाला ठेवावा.