आब्लो, आब्लास, आब्ला... स्पॅनिशची -आर वाली क्रियापदं

स्पॅनिश शिकायला घेतलं की सुरुवातीलाच -आर वाली क्रियापदं येतात आणि एकाची सहा रूपं बघून बरेच जण तिथेच गळपटतात. पण खरं सांगू का, मराठी माणसाने यात घाबरण्यासारखं काही नाहीये, आपण दिवसभर हेच तर करतो. 'कुठे चाललास' विचारताना 'तू' कुठे म्हणतो आपण, शेवटच्या स वरूनच कळतं ना. स्पॅनिशमध्येही कर्ता सर्रास गाळतात आणि तिकडेही 'तू'च्या रूपाला शेवटी स च लागतो, मला हे फार आवडतं.

आब्लार म्हणजे बोलणं. लिहिताना आधी एच असतो पण तो उच्चारायचा नाही. शेवटचं आर काढा, आब्ल उरतं, मग मी आब्लो, तू आब्लास, तो किंवा ती आब्ला, आम्ही आब्लामोस, तुम्ही सगळे आब्लाइस, ते आब्लान. बोलतो-बोलते असा फरक नाहीच, म्हणजे तेवढं आपल्यापेक्षा सोपं. कुणाला अहो-जाहो करायचं तर उस्तेद, पण रूप मात्र तो-तीचंच, उस्तेद आब्ला. आणि आब्लाइस स्पेनमध्ये चालतं, मेक्सिको-कोलंबियाकडे त्याऐवजी उस्तेदेस आब्लान म्हणतात, त्यामुळे तिकडच्या लोकांशीच बोलायचं असेल तर आधी पाचच रूपं पक्की करा.

खरी मेहनत घ्यायची ती आघातावर. आब्लो म्हणताना जोर आ वर द्यायचा, तोच जोर ब्लो वर गेला की अर्थ होतो 'तो बोलला'! मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून काळ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही सवयच नसते. म्हणून तक्ता वहीत उतरवत बसण्यापेक्षा मोठ्याने म्हणा, आब्लो-आब्लास-आब्ला-आब्लान सगळीकडे जोर पहिल्या आ वर, फक्त आब्लामोस आणि आब्लाइसमध्ये तो पुढे ला वर सरकतो.

हे एकदा तोंडात बसलं की कान्तार (गाणं), कोम्प्रार (विकत घेणं), त्राबाखार (काम करणं) सगळी त्याच चालीत जातात, अगदी चॅटिंगसाठी आलेलं नवं चातेआरसुद्धा, चातेओ, चातेआस. पेन्सार (विचार करणं) मात्र इतक्यात घेऊ नका, त्याचं पेन्सो होत नाही, पिएन्सो होतं, पण आम्हीचं पेन्सामोसच राहतं, आणि एस्तार (असणं) तर एस्तोय पासूनच वेगळ्या वाटेने जातं.