मुद्दा संपला की व्याकरण

फुटबॉलच्या वादात जो समोरच्याचं व्याकरण काढतो, तो वाद हरलेला असतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला मॅचच्या दिवशी मैदानाजवळच्या कुठल्याही पबात तासभर बसा, तुम्हालाही पटेल.

गेल्या शनिवारी आमच्या टेबलावर मामा-भाचे होते, माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या मैत्रिणीच्या नात्यातले. दोघांच्या अंगात न्यूकॅसलची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. आधीच्या मॅचमध्ये डाव्या विंगरला, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणाऱ्याला, बाहेर काढायला नको होतं, असं भाच्याचं म्हणणं. तो गेला, समोरचा राइट बॅक, म्हणजे उजवा बचावपटू, मोकळा सुटला आणि गोल त्याच बाजूने बसला. पोराने टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून सगळं आखून दाखवलं. मुद्दा बिनतोड होता. मामांना उत्तर सुचेना. मग त्यांनी फोन काढला आणि भाच्याने सकाळी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज मोठ्याने वाचला : ‘ही शुड ऑफ स्टेड ऑन.’ वर म्हणाले, “‘ऑफ’ नाही रे, ‘हॅव’! शाळेत काय करत होतास?” सगळे हसले. पोरगा लालबुंद झाला आणि विंगरचा विषय तिथेच बारगळला.

मला याचा फार राग आला. बोलताना तो पोरगा काहीच चुकलेला नव्हता. ‘शुड हॅव’ भरभर म्हटलं की इथल्या कुणाच्याही तोंडून ते ‘शुड ऑफ’सारखंच ऐकू येतं. चूक फक्त लिहिण्यातली, तीही घरच्या ग्रुपवरची. त्यावरून त्याचा फुटबॉल कसा काय खोटा ठरतो?

थोड्या वेळाने मामा फोन मागताना म्हणाले, “गिव्ह अस दॅट.” इथे एकटा माणूसही स्वतःला सर्रास ‘अस’ म्हणतो. भाचा टपूनच होता. “अस? किती जण आहात तुम्ही?” मग टेबलावर रणच पेटलं. अनेकांना उद्देशून ‘यूज’ म्हणावं का, ‘न्यूकॅसल इज’ की ‘न्यूकॅसल आर’, सगळं निघालं. यातलं शेवटचं माझ्या जिव्हाळ्याचं. शाळेत ‘टीम आर’ लिहिलं की आमच्या बाई लाल रेघ ओढायच्या, आणि इथे समालोचकापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे बिनदिक्कत ‘आर’च वापरतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मैदानाच्या नावावर. सेंट जेम्स पार्क या नावात जेम्सच्या मागे अ‍ॅपॉस्ट्रॉफी हवी, तीही ‘एस’च्या नंतर, यावर मामा अडून बसलेले. क्लब तसंच लिहितो. पण मैदानाला लागून असलेल्या मेट्रो स्टेशनच्या नावात ती खूण नाही. एक्सटर सिटीचं मैदानही याच नावाचं, तेही बिनखुणेचं. लंडनच्या बागेत मात्र खुणेपुढे आणखी एक ‘एस’ लागतो. एकाच देशात एकाच नावाची ही तऱ्हा, आणि तरी एका पोराच्या ‘ऑफ’वरून एवढा गहजब.

यात एक गोष्ट मनापासून आवडली. ही माणसं आपापसांत शब्दागणिक भांडतात, पण माझ्या इंग्लिशला कुणी हात लावत नाही. मला कळलं नाही, तर मामा तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगतात. शेवटी निवाड्यासाठी मलाच विचारलं, “हिला विचारा, हिचं इंग्लिश आपल्यापेक्षा चांगलं आहे.” ऐकून बरं वाटलं, का नाही वाटणार? मी म्हटलं, लिहिताना ‘हॅव’ बरोबर, आणि विंगरबद्दल भाचा बरोबर.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या संघांच्या फुटबॉल मॅचला चिरकून घसा बसवलेली. आमच्याकडे बाई माणूससुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते. पुण्याला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर प्रत्येक वाक्याला कुणीतरी थांबवायचं, “आले म्हण.” मी काय सांगत होते ते कुणालाच नको असायचं. कोल्हापूरची बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे, आणि न्यूकॅसलची बोली म्हणजे बिघडलेलं इंग्लिश नव्हे. ही माणसं जाण्याला ‘गॅन’ म्हणतात, लेकराला ‘बेर्न’. दोन्ही शब्द जुन्या इंग्लिशमधून आलेले आहेत. मार्च २०२५ मध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ असं हरवून न्यूकॅसलने लीग कप जिंकला, १९५५ नंतरचा पहिला मोठा देशी चषक. पहिला गोल डॅन बर्नचा, म्हणजे इथून जवळच्याच ब्लाइथच्या पोराचा. त्या दिवशी तो टीव्हीवर याच वळणाचं इंग्लिश बोलला, तेव्हा सगळं शहर कान देऊन ऐकत होतं.

मग तू का त्यांच्यासारखं बोलत नाहीस, असं मैत्रीण विचारते. ती बोली त्यांची आहे. मी बोलले तर उसनी वाटेल. शिवाय आमच्या वॉर्डात केरळच्या सिस्टर आहेत, फिलिपाइन्सच्या आहेत, नायजेरियाचे डॉक्टर आहेत. ड्युटी बदलताना पेशंटचा डोस सांगायचा तर आम्हा सगळ्यांना एकसारखं कळेल असंच इंग्लिश लागतं, आणि ते मी मेहनतीने कमावलंय. तसंच इथे लिहिताना मी ‘गेले’, ‘आले’ लिहिते, कारण हे नागपूरपासून अमेरिकेतल्या न्यू जर्सीपर्यंतची माणसं वाचतात. आईला फोन लावला की मात्र मी आलो, मी जेवलो. तिथे मला कुणी दुरुस्त करायचं नाही.