तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञानाची क्रांती आली की सर गप्प का होतात

माजी विद्यार्थ्यांच्या दर गेट-टुगेदरला कुणीतरी विचारतंच, "सर, फ्रान्सची क्रांती एवढी रंगवून सांगायचात, मग विज्ञानाची क्रांती दोन वाक्यांत का उरकायचात?" लिहूनच टाकतो एकदाचं.

बॅस्टिलचा तुरुंग फोडला १४ जुलै १७८९ ला, आणि काहीतरी मोडलंय हे पॅरिसला त्याच दिवशी कळलं. इकडे पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ चं, माणूस त्याच वर्षी गेला, आणि पृथ्वी फिरत असेल तर तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत ना, ते सरकणं बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने मोजलं १८३८ ला. मधे २९५ वर्षं! तोवर जाणकारांनी पृथ्वी कधीच फिरवून टाकली होती.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कोपर्निकसला न मानणारे सगळे अडाणी, असं मी वर्गात ठोकून देत होतो आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, पृथ्वी एवढी लांब जाते तर सहा महिन्यांनी तारे सरकलेले का नाही दिसत?" मी इतिहासाचा मास्तर, मला काय कळणार. म्हटलं, पोर्शनमधलं विचार, बस खाली. पोरं हसली. ती बसली, वहीच्या समासात पेन्सिलीने एकच रेघ गिरवत राहिली, कागद फाटेपर्यंत. वर्षभर परत हात वर केला नाही तिने. पुढे वाचलं की टायको ब्राहेची शंका नेमकी हीच होती, दुर्बिणीआधीचा सगळ्यात बारीक नजरेचा माणूस तो, आणि मी त्याला अडाण्यांत बसवलेलं.

पोर्शन संपवायचा होता हो, खरंच. पण हसणाऱ्यांना मी थांबवलं नाही.

तरी एक फरक माझ्याकडून सुटत नाही. केप्लरने कित्येक वर्षं घासून मंगळाची कक्षा वर्तुळावर बसवली आणि टायकोच्या नोंदींशी ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव रुंदीएवढा. त्याने नोंदी नाही झटकल्या, आपलंच गणित मोडलं, आणि लंबवर्तुळापर्यंत पोचला. फ्रान्सच्या क्रांतीतला पुढारी रोबस्पिअर, त्याने स्वतःच्या ८ कला शोधल्या असत्या? बरं, न्यूटनने तरी कुठे, कॅल्क्युलस आधी कुणी शोधलं या वादातल्या लायब्निझविरुद्धच्या चौकशीचा अहवाल त्याने गुपचूप स्वतःच लिहिला. म्हणजे फरक माणसांत नाही. मग कशात, ते मला अजून नीट मांडता येत नाही.

ती मुलगी गेट-टुगेदरला येत नाही. कुणाच्या संपर्कात असेल तर सांगा, तारे सरकतात म्हणावं, पण बेसेलचा तो हंस तारकासमूहातला तारा सहा महिन्यांत अंशाच्या पाच हजाराव्या भागाएवढाही सरकत नाही, नुसत्या डोळ्यांना कसा दिसणार.