थॉमस चर्चात, गायकांकडे पाठ करून

जर्मनीत लाइपझिगच्या थॉमस चर्चात बाख या अठराव्या शतकातल्या संगीतकाराचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', म्हणजे येशूच्या अटकेची आणि मरणाची गायलेली कथा, ऐकायला जाणार असाल, तर आधीच सांगून ठेवतो: गाणारे दिसत नाहीत. कॉयर (गायकवृंद) आणि वाद्यवृंद पश्चिमेच्या माडीवर, मोठ्या ऑर्गनच्या पुढ्यात. मधल्या बाकांचं तोंड मात्र पूर्वेला, वेदीकडे. पावणेतीन तास सगळं मानेमागून येतं. बाजूच्या माड्यांवरून मान तिरकी करून थोडंफार दिसतं, पण माझं मत विचाराल तर खालीच बसावं. बाक लाकडी आणि कडक आहेत, एखादा जाडसा स्वेटर घडी करून खाली घ्यायला ठेवा.

बर्लिनहून आयसीई या वेगवान गाडीने सव्वा तास. स्टेशनपासून चर्च पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, ट्रामच्या नादी लागू नये. शहरात दोन दिवस पाहण्यासारखं पुष्कळ आहे, त्याबद्दल इथे काहीच नाही.

कारण सगळा जीव सुरुवातीच्या कोरसमध्ये आहे. बारा-अष्टमांश ताल, ई मायनर ही उदास स्वरपट्टी. खालचा मंद्र स्वर एकाच जागी धरून बसलेला आणि वर सूर एकमेकांवर चढत जाणारे. पहिला कॉयर म्हणतो, 'पाहा!' दुसरा विचारतो, 'कोणाला?' पुन्हा 'पाहा त्याला!', पुन्हा 'कसा?' हे दोन कॉयर वेगळे, प्रत्येकाचा वाद्यवृंदही वेगळा. आणि या गजबजाटात अचानक तिसराच आवाज वरून उतरतो: फक्त सोप्रानो (सर्वांत उंच आवाज), 'हे निष्पाप कोकरा' हे जुनं भजन, तेही जी मेजर या उजळ पट्टीत. खाली शोक चाललाय आणि वर कुणीतरी शांतपणे वेगळंच गातंय. पाठीमागून हे ऐकताना आवाज नेमका कुठून आला ते शोधायला डोळे वर जातात, आणि दिसतं ते फक्त छत.

याचं कारण इमारतीतच आहे. बाखच्या वेळी इथे दोन ऑर्गन होते: एक पश्चिमेला, दुसरा लहानसा समोरच्या टोकाला, भिंतीला पाकोळीच्या घरट्यासारखा चिकटलेला. 30 मार्च 1736 च्या गुड फ्रायडेला पॅशन 'दोन्ही ऑर्गनसह' झालं, अशी चर्चच्या सेवकाने नोंद करून ठेवली आहे. म्हणजे दोन्ही कॉयर पश्चिमेलाच आणि वरचं भजन बहुधा समोरच्या लहान ऑर्गनपाशी. आता हिशेब करा. मुख्य सभागृह सुमारे 50 मीटर लांब. दोन टोकांत 40 मीटर धरले, तरी आवाज पोचायला सेकंदाचा आठवा भाग जातो. 'कोणाला? कसा?' असली झटपट देवाणघेवाण एवढ्या अंतरावरून केली तर लय फाटणारच. भजनाचे स्वर लांब आणि संथ असल्याने त्यांना तेवढी ढिलाई खपते. मला तरी यात मुरलेल्या कारागिराचा अंदाज दिसतो. तो छोटा ऑर्गन 1740 मध्ये काढला. सन 2000 मध्ये बसवलेला नवा 'बाख ऑर्गन' उत्तरेच्या माडीवर आहे. पूर्वेचं टोक गप्पच.

पहिल्यांदा हे पॅशन झालं 11 एप्रिल 1727 ला, याच चर्चात, प्रार्थनेचा भाग म्हणून. दोन भागांच्या मधे प्रवचन असे.

जर्मन येत नसेल तर बायबलमधल्या मत्तयच्या (म्हणजेच मॅथ्यूच्या) शुभवर्तमानाचे 26 आणि 27 हे अध्याय मराठीत वाचून जा, कथा हातातून सुटणार नाही. मग तीन जागी कान द्या. येशू बोलतो तेव्हा तंतुवाद्यं त्याच्या शब्दांभोवती लांब स्वर धरतात. क्रुसावरच्या 'एली, एली' ('माझ्या देवा, माझ्या देवा') या हाकेला ती गप्प होतात. 'तुमच्यातला एक मला धरून देईल' यावर शिष्य 'प्रभू, तो मी का?' विचारतात, ते मोजून अकरा वेळा. बारावा यहूदा, धरून देणारा तोच, तो नंतर एकटा विचारतो. आणि रोमन सुभेदार पिलात जमावाला 'येशू की कैदी बरब्बा, कोणाला सोडू?' म्हणतो तेव्हा दोन्ही कॉयर मिळून एकच कर्कश स्वरगुच्छ फेकतात: 'बरब्बा!' पाठ करून बसलेला माणूस इथे दचकतोच.

बाखनंतर लाइपझिगबाहेर हे जवळपास विसरलं गेलं. 11 मार्च 1829 ला वीस वर्षांच्या संगीतकार मेंडेल्सोनने बरीच काटछाट करून ते बर्लिनमध्ये उभं केलं, आणि 1841 मध्ये परत याच चर्चात आणलं. तो जन्माने ज्यू, म्हणून नाझींच्या काळात, 1936 मध्ये, शहरातला त्याचा पुतळा उखडला गेला. त्याची प्रतिकृती 2008 पासून चर्चसमोर उभी आहे. बाखच्या पुतळ्यापाशी फोटोला रांग, याच्यापाशी कुणी नाही, ही माझी खरी तक्रार.

गुड फ्रायडेच्या आठवड्यात साधारणपणे एक वर्ष हे मत्तयचं पॅशन, एक वर्ष बाखचंच योहानचं (सेंट जॉन) पॅशन असा पाळीचा क्रम असतो. तिकीट काढण्याआधी कोणाचं वर्ष आहे ते पाहा. तिकीट नाहीच मिळालं, तर शुक्रवारी संध्याकाळी सहाला किंवा शनिवारी दुपारी तीनला मोटेट, म्हणजे कॉयरच्या गाण्याची छोटी प्रार्थनासभा, असते. अर्धा तास आधी पोचा, आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा, तेव्हा इथल्या कॉयरची शाळकरी मुलं गात नाहीत. माडी तीच, बाक तेच, आणि पाठही तशीच करून बसायचं.