ब्लू स्प्रिंगच्या समुद्रगायी

जानेवारीतल्या त्या पहाटे ऑरलँडोत आमच्या गाडीच्या काचेवर चक्क बर्फाची साय धरली होती. "एवढ्या गारठ्यात कुठे नेतेस गं मला?" आई शाल घट्ट ओढून घेत म्हणाली. पण गारठाच तर हवा होता. थंडीची लाट आली की मॅनटी, म्हणजे समुद्रगायी, फ्लोरिडातल्या ब्लू स्प्रिंग या झऱ्यावर गर्दी करतात. तिथलं पार्क आठला उघडतं, आणि अशा दिवशी गाड्या भरल्या की फाटक लावून घेतात. आम्ही सातलाच निघालो.

या झऱ्याचं पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं. तो जिथे मिळतो ती सेंट जॉन्स नदी थंडीत याहून बरीच गार पडते, आणि पाणी २० अंशांखाली गेलं की या जिवांचं खरं नाही. देह अवाढव्य, पण ऊब धरून ठेवणारी चरबी बेताचीच. म्हणून त्या झऱ्यात येतात. इथे चारा मात्र नाही. भूक लागली की पुन्हा त्या गार नदीतच जावं लागतं.

लाकडी पायवाटेवरून वाकून पाहिलं. पाण्यावर वाफ, आणि तळाशी राखाडी धोंडेच धोंडे. त्यातला एक धोंडा हळूच वर आला, नाकपुड्या उघडून फुस्सकन श्वास सोडला आणि परत खाली गेला. "अगं, आपल्या म्हशी डोहात बसतात तशाच की गं!" आई कठड्याला टेकली ती हलेचना.

मग तिने विचारलं, "पाठीवर ह्या पांढऱ्या रेघा कसल्या?"

बोटींच्या पंख्यांच्या. त्या जखमांच्या व्रणांवरूनच इथले अभ्यासक एकेकीला ओळखतात. रोज सकाळी छोट्या होडीतून मोजणी करतात. १९७० साली इथे १४ समुद्रगायी मोजल्या होत्या. २०२४च्या जानेवारीत एकाच दिवशी ९३२. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. पण प्रत्येक पाठ निरखून पाहिली, तर रेघा नसलेली मोठी गाय शोधावी लागत होती. नदीत बोटी हळू चालवा, अशा पाट्या आहेत. त्या पाळायला हव्यात, एवढं साधं आहे हे.

तेवढ्यात आईने माझा हात दाबला. अगदी आमच्या खाली एक पिल्लू आईच्या काखेत तोंड खुपसून दूध पीत होतं. ते पिऊन वर आलं, तेव्हा त्याची सगळी पाठ उन्हात दिसली. एकही रेघ नव्हती.