ग्वाल्हेरहून पाल्पातल्या तानसेनला: कोबा घालायला जाणाऱ्या तरुणांसाठी

ग्वाल्हेरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले दहा तरुण फेब्रुवारीअखेर नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात बारा दिवस सेवेला जाऊन आले. काम एकच: तानसेनजवळच्या डोंगरावरच्या खेड्यात प्रार्थनागृहाच्या मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा घालणं. (तानसेन हे गावाचं नाव. आपल्या मियाँ तानसेनाशी त्याचा संबंध नाही.)

आधी कायदा समजून घ्या. नेपाळच्या 2015 च्या संविधानातलं कलम 26 दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. म्हणून पत्रकं आणि वाटायची शुभवर्तमानं घरीच ठेवा. उपासनेत पुढाकार तिथल्या पाळकांचाच असू द्या. गावकऱ्यांचे फोटो नावगावासकट मोबाइलवरून पसरवू नका. आपण परत येतो, चौकशीला तोंड त्यांना द्यावं लागतं. तानसेनचं मिशन हॉस्पिटल 1954 पासून आजाऱ्यांची सेवा करत आलं आहे, तेही धर्मप्रचार न करण्याची अट मान्य करूनच. हातांनी केलेली सेवा कमी दर्जाची, असं ज्याला वाटतं त्याने या गटात येऊ नये.

प्रवास सोपा आहे. बरौनीच्या गाडीने लखनऊवरून गोरखपूर, तिथून बसने सुमारे 95 किलोमीटरवर सोनौली. सीमेवरची कमान पायी ओलांडली की भैरहवाच्या गाड्या मिळतात. पुढे बुटवल, मग तानसेन. बुटवलच्या वर सिद्धबाबाचा पट्टा दरडींचा आहे, पावसाळ्यात जाऊच नका. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तरण्या माणसाने आधारच्या भरवशावर राहू नये. 15 ते 18 वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं. शंभराच्या भारतीय नोटा न्या. एका भारतीय रुपयाचे 1.60 नेपाळी रुपये. दर ऐकला की "आयसी की एनसी?" हे विचारायचंच: आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. घड्याळ 15 मिनिटं पुढे.

उपासना शनिवारी असते, कारण तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवारची. त्यामुळे बुधवारी निघून शुक्रवारी पोचणं सोयीचं. आधी उपासनेत ओळखी होतात, मग काम. चपला बाहेर काढायच्या आणि चटईवर बसायचं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. भजनं देवनागरीत असल्याने पहिल्याच दिवशी वाचता येतात, आणि नेपाळी "च" आपल्या "चमचा"तल्या "च"सारखा असल्याने मराठी जिभेला जड जात नाही. भेटल्यावर "जयमसीह" म्हणायचं. डाळभात सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री मिळतो. उष्टा चमचा पातेल्यात घालू नका, बाटलीला तोंड लावून पाणी पिऊ नका.

आता कोबा. खोली 30 बाय 20 फूट, जाडी 3 इंच. 1:2:4 (सिमेंट:वाळू:खडी) या प्रमाणाला 50 किलोच्या 27 गोण्या सिमेंट, 66 घनफूट वाळू आणि 132 घनफूट खडी लागते. वाया जाणारं धरून 29 गोण्या घ्या. सगळं बुटवलला मिळतं. रस्ता खाली संपतो आणि तिथून पायवाट. वाळू, खडी आणि सिमेंट मिळून वजन दहा टनांच्या घरात जातं. पंचवीस किलोची एक खेप धरली तर चारशे खेपा. म्हणजे माणशी चाळीस. इथेच बहुतेक गटांचा अंदाज चुकतो: कोब्याला दोन दिवस धरतात आणि ओझ्याला एकही नाही. डोकं आणि पाठ सांभाळून डोको-नाम्लोने (पाठीवरची टोपली आणि तिचा कपाळावरून घ्यायचा पट्टा) ओझं न्यायला गावातल्यांकडून शिका, आणि पन्नास किलोची गोणी एकट्याने उचलून दाखवण्याचा हट्ट करू नका.

जमीन ओलवून चोपा. त्यावर 4 इंच दगडांचं सोलिंग, फटींत बारीक खडी, मग काँक्रीट. लाकडी पट्ट्या लावून 10 बाय 10 फुटांचे सहा चौकोन करा. पहिल्या दिवशी एकाआड एक तीन, दुसऱ्या दिवशी उरलेले. सलग ओतलं तर आकसताना वाटेल तिथे तडा जातो. एका गोणीला 25 ते 27 लिटर पाणी, वाळू ओली असेल तर आणखी कमी. पसरायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवायचा मोह दुपारनंतर, हात थकल्यावर होतो. मग वरचा थर भुगा होतो आणि झाडू मारला की धूळ उडते. मापाची बादली एकाच्याच हाती द्या. रबरी हातमोजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारातूनच घेऊन जा, ओलं सिमेंट कातडी भाजतं.

आमच्या वेळापत्रकात एक चूक राहिली. कोबा बुधवार-गुरुवारी पडला आणि परतीची गाडी शनिवारी दुपारची होती. ओली पोती अंथरून निदान 7 दिवस पाणी मारावं लागतं, थंडीत दहा. पाणी खालच्या धाऱ्यावरून (झऱ्याच्या धारेवरून) आणायचं, तेव्हा रोज किती घागरी आणि कोण आणणार हे पाळकांशी बोलून निघण्याआधी लिहून ठेवा. वाळू-खडी आठवडाभर आधी वर पोचवून घेतली, तर हा कोबा सोमवारीच पडेल.