टेबलावर मोकळी, इंजिनावर जाम

दुचाकीची तक्रार एका ओळीची होती: मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. एक्सलेटर केबल आधीच दोनदा बदलून झाली होती. या तक्रारीत सगळे आधी केबलच बदलतात. पण एका केबलच्या गाडीत केबल फक्त ओढते. स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघड-बंद करणारा सरकता तुकडा, खाली आणणं हे कार्ब्युरेटरमधल्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या) स्प्रिंगचं काम.

इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून मूठ सोडून पाहिली. मोकळी चाल ३ मिमी, म्हणजे ठीक. मुठीकडून केबल सोडवून आतली तार हाताने ओढून सोडली, तरी स्लाइड वरच राहिली. मूठ सुटली संशयातून. मग कार्ब्युरेटरची टोपी उघडून स्लाइड बाहेर काढली, तर केबल लोण्यासारखी चालत होती. तीही सुटली.

स्लाइड, नीडल, स्प्रिंग, सगळं स्वच्छ. कार्ब्युरेटर काढून टेबलावर स्लाइड आत सोडली, खाच पिनेत आणि कापलेली कड एअर फिल्टरकडे. टक् करून खाली बसली. दहा वेळा सोडली, दहाही वेळा बसली. परत इंजिनावर चढवला आणि स्लाइड अर्ध्यात अडकली.

इथे बरेच जण स्प्रिंग ताणून लांब करतात किंवा आत तेल मारतात. दोन्ही धोक्याचं आहे, कारण अडकण्याचं कारण तसंच राहतं आणि पुढच्या वेळी ते रस्त्यावर, उघड्या रेसवर समोर येतं. मी फक्त फ्लँजचे, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या चपट्या तोंडाचे, दोन नट अर्धा अर्धा फेरा ढिले केले. स्लाइड आपोआप खाली पडली. आवळले, पुन्हा अडकली.

फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली तर मध्यभागी ०.२ मिमीची फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आरपार गेली. नट बसतात ते दोन्ही कान इंजिनाकडे वाकले होते आणि त्यांच्याबरोबर स्लाइडचं भोकही किंचित लंबगोल झालं होतं. फ्लँजच्या खाचेत बसवलेली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) मापापेक्षा जाड होती. घटनाक्रम सरळ दिसतो. जुनी रिंग कडक झाली, तिथून हवा शिरू लागली, आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस, वरखाली झालं. मग कुणीतरी जाड रिंग घातली आणि हवा थांबेपर्यंत नट आवळले. ६ मिमीच्या स्टडला १० न्यूटन-मीटर पुरतात. लांब पाना हातात असला की अंदाज राहत नाही. ठरावीक जोरानेच आवळता येणारा टॉर्क पाना भिंतीवर टांगून ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

जेट, फ्लोट आणि सगळे रबर काढून फ्लँजवर मार्करने काळं केलं. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर पाणी, आणि इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने घासणं. आधी फक्त कानांवरचा रंग गेला. मधला जाईपर्यंत थांबलो, मग ८०० नंबर. जास्त घासायचं नाही, कारण ओ-रिंगची खाच उथळ होते आणि मापाची रिंगही जाड ठरू लागते. मग पेट्रोलने धुणं, प्रत्येक वाटेत हवा मारणं, मापाची नवी रिंग, आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळणं.

आता आवळलेल्या नटांवरही स्लाइड टक् करून बसते, इंजिन तापल्यावरही. पण घासल्याने फ्लँज सपाट होते, भोक पुन्हा गोल होत नाही. स्लाइडच्या एका बाजूला चकाकणारा उभा पट्टा, म्हणजे घासल्याची खूण, अजून आहे. गाडी दिली, ५०० किलोमीटरनंतर परत बोलावलीय. पट्टा रुंदावलेला दिसला तर कार्ब्युरेटरची बॉडीच बदलायची, आणि ती पहिल्याच दिवशी बदलायला हवी होती का, हे माझं अजून ठरत नाही.